लाईट गेली की सर्व्हर आपोआप आणि शिस्तीत बंद व्हावा: यूपीएसचं कसं जमवायचं?

तासगावकर

नमस्कार मंडळी.

तालुक्याच्या गावी आमचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. एक टॉवर सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली. आत दोन व्हीएम: एक विंडोजची, तिच्यावर टॅली, दुसरी लिनक्सची, तिच्यावर अशीलांच्या सगळ्या फायली. पाच जण नेटवर्कवरून काम करतात.

दिवसा लाईट गेली तर कोणीतरी उठून सर्व्हर बंद करतं. पंचाईत रात्रीची आणि रविवारची. वळीव सुरू झाला की पहिल्या वाऱ्याला फीडर ट्रिप होतो, मग लाईट दहा मिनिटांत येईल की पहाटे, काही भरवसा नाही. यूपीएस १ केव्हीएचा आहे, लाईन इंटरॅक्टिव्ह, आत १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या. मागे यूएसबीचं चौकोनी तोंड आहे, त्यात आजवर काही खुपसलेलं नाही. सर्व्हर, स्विच आणि राउटर मिळून वॉटमीटरवर ११० च्या आसपास दिसतात.

हवंय ते एवढंच: लाईट गेली, थोडा वेळ वाट पाहिली, नाहीच आली तर आधी व्हीएम बंद, मग सर्व्हर. आणि लाईट आल्यावर आपलं आपण सुरू. यूपीएसबरोबर आलेलं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं आहे. जाणकारांनी सांगावं.

झोलर

जुना लॅपटॉप घ्या, त्यालाच सर्व्हर करा. बॅटरी आतच असते. धागा बंद करायला हरकत नाही. 😀

खटपट्या

झोलरशेठ, घरी सिनेमे साठवायला ठीक आहे. दोन डिस्क जोडीने चालवणारं आरएआयडी आणि चुका पकडणारी इसीसी रॅम लॅपटॉपमध्ये कुठून आणणार? आणि २४ तास चार्जिंगला लावलेली लॅपटॉपची बॅटरी वर्ष-दोन वर्षांत फुगते, तेव्हा टचपॅड वर उचललेलं दिसतं. ते दृश्य ज्यांनी पाहिलंय ते पुन्हा हा सल्ला देत नाहीत.

तासगावकर, यूएसबीचं तोंड आहे म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. तुम्हाला लागणार आहे नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे एनयूटी, बोलताना सगळे नट म्हणतात. फुकट आहे, प्रॉक्समॉक्स ज्या डेबियन लिनक्सवर उभं आहे त्याच्या भांडारात आहे, त्यामुळे सरळ बसतं. व्हीएमच्या आत टाकू नका, मूळ होस्टवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सवर टाका. होस्ट बंद व्हायला लागला की तोच व्हीएमना बंद व्हायला सांगतो.

नटचे तीन थर आहेत. ड्रायव्हर यूपीएसशी यूएसबीवरून बोलतो. यूपीएसडी ती माहिती नेटवर्कवर ३४९३ या पोर्टवर मांडतो. यूपीएसमॉन ती बघत बसतो आणि वेळ आली की शटडाऊनची आज्ञा देतो. ऑफिसात आणखी एखादी एनएएस (नेटवर्कवरची साठवणपेटी) त्याच यूपीएसवर असेल तर तिच्यावर फक्त यूपीएसमॉन चालवायचा, तो तुमच्या सर्व्हरला विचारत राहील.

(फाईलींची आणि आज्ञांची नावं उच्चारानुसार लिहितोय, टाईप करताना इंग्रजीत करा.)

आधी केबल जोडून एलएसयूएसबी मारा, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दिसेल. मोठ्या ब्रँडचा यूपीएस असेल तर बहुतेक वेळा यूएसबीएचआयडी-यूपीएस हा ड्रायव्हर चालतो. आपल्याकडे मिळणारे बरेच स्वस्त यूपीएस आत एकाच जातीची चिप वापरतात. यादीत सायप्रेसच्या नावाने ०६६५:५१६१ असा क्रमांक दिसला तर नटड्रव्ह-क्यूएक्स वापरा. तुमचं काय दिसतं ते इथे टाका, मग पुढचं सांगतो.

तासगावकर

०६६५:५१६१ च दिसतंय! ड्रायव्हर सुरू करायला गेलो तर परवानगी नाही म्हणतो.

खटपट्या

नेहमीचं आहे. ड्रायव्हर नट नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतो आणि यूडेव्हचे (लिनक्समध्ये उपकरणांना परवानग्या देणाऱ्या भागाचे) नियम केबल लावण्याच्या क्षणी लागू होतात. तुम्ही केबल आधी लावली, पॅकेज नंतर टाकलं. केबल काढून पुन्हा लावा.

तासगावकर

चालला. यूपीएससी आज्ञेने व्होल्टेज, लोड, सगळं दिसतंय. इनपुट २४१ दाखवतोय. पण बॅटरी किती टक्के उरली ते कुठेच नाही, फक्त बॅटरीचं व्होल्टेज.

टॅलीवाली

यूपीएससी पहिल्या प्रयत्नात निघाली, अभिनंदन. 😄

खटपट्या

हाच या स्वस्त यूपीएसचा पेच आहे. ते जुनी मेगाटेकची भाषा बोलतात, तिच्यात टक्के नसतातच. नटला भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीचं व्होल्टेज सांगितलं की तो मधले टक्के अंदाजाने काढून देतो. पण लेड ॲसिडचं व्होल्टेज लोड पडताच एकदम खाली येतं, मग बराच वेळ रेंगाळतं आणि शेवटी कड्यावरून पडतं. त्यातून काढलेले टक्के शोभेचे. महागड्या यूपीएसचे टक्केसुद्धा बॅटरी म्हातारी झाली की खोटे बोलतात: ६० दाखवत असतो आणि पुढच्या मिनिटाला अंधार.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्यासारख्या ठिकाणी टक्क्यांवर विसंबू नका, घड्याळावर विसंबा. नटमध्ये यूपीएसशेड नावाचा भाग आहे. लाईट गेली की टायमर सुरू, लाईट आली की टायमर रद्द, टायमर संपला की शटडाऊन. यूपीएसने 'बॅटरी संपत आली' अशी हाक दिलीच तर टायमर न पाहता यूपीएसमॉन बंद करतोच, ती दुसरी फळी समजा.

टायमर किती ठेवायचा? दोन बॅटऱ्यांचे मिळून कागदावर १६८ वॉट-तास. ११० वॉटला भागलं तर दीड तास येतो, पण तसा मिळत नाही. ७ एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो. तासाभरात उपसायला गेलात तर बॅटरी बरंच कमी देते, शिवाय यूपीएस स्वतः काही खातो. नवी बॅटरी असेल तर तुमच्या लोडला चाळीस-पन्नास मिनिटं धरा, दोन वर्षं जुनी असेल तर निम्मी.

आता बंद व्हायला किती लागतात? प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला मुळात १८० सेकंदांची मुदत देतो, कंटेनरला ६०. विंडोज नेमकी त्याच वेळी अपडेट बसवायला लागली तर ती मुदत पुरत नाही आणि व्हीएम जबरदस्तीने मारली जाते, म्हणून ती वाढवून ३०० करा. होस्टचे एक-दोन मिनिट. एकूण आठ मिनिटं राखून ठेवली की झालं. टायमर पाच मिनिटांवर ठेवा. पाच मिनिटांत न आलेली लाईट दहा मिनिटांत येईल अशी आशा आपण सगळेच करतो, पण त्या आशेपायी बॅटरी पिळू नये. अर्धी बॅटरी शिल्लक असताना बंद झालेला सर्व्हर नंतर कामाला येतो, कसा ते पुढे लिहितो.

विंडोज व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट टाकलाय का? नसेल तर आजच टाका. तो नसला तर होस्ट नुसतं पॉवरचं बटण दाबल्याचा इशारा करतो आणि विंडोज कधीकधी तो ऐकून न ऐकल्यासारखं करते.

टॅलीवाली

मी अकाउंट्सच्या बाजूने लिहिते, सर्व्हरमधलं कळत नाही. पण टॅलीचा डेटा खराब होतो तो दरवेळी सर्व्हर गेल्यामुळे नाही. टेबलावरची मशीन्स यूपीएसवर नसतात. व्हाउचर सेव्ह होत असताना तीच गेली तर सर्व्हर कितीही शाबूत राहो, कंपनी उघडताना एरर येते. मग कंट्रोल-आल्ट-आर मारून रीरायटिंग करत बसा. मार्चएंडला हे झालं की जेवण विसरा.

खटपट्या

टॅलीवाली, अगदी बरोबर, आणि हे सर्व्हरवाले विसरतात. यावर उपाय यूपीएसचा नाही, मांडणीचा आहे. टॅली प्रत्येकाच्या मशीनवर चालवून डेटा तेवढा सर्व्हरवर ठेवला की लिहिण्याचं काम नेटवर्कवरून होतं. त्याऐवजी सगळ्यांनी रिमोट डेस्कटॉपने विंडोज व्हीएममध्ये शिरून तिथलीच टॅली वापरली, तर टेबलावरचा पीसी हा फक्त पडदा उरतो. तो मेला तरी आतलं सत्र जिवंत. लाईट आल्यावर पुन्हा जोडलं की अर्धवट व्हाउचर तसंच समोर. परवान्याचा खर्च वाढतो, विंडोजचाही आणि टॅलीचा एकपेक्षा जास्त युजरांचा घेतला नसेल तर तोही. पण पाच जणांच्या ऑफिसला तो परवडतो असं मला वाटतं.

दापोलीकर

माझा यूपीएस मुका आहे. ६०० व्हीए, मागे यूएसबी वगैरे काही नाही. आमच्याकडे निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून २०२० मध्ये, कित्येक दिवस अंधार होता, तेव्हा कसलाच यूपीएस पुरला नसता. पण एरवीच्या तास-दोन तासांसाठी मी असा जुगाड केलाय:

एक जुनं वायफाय राउटर थेट भिंतीच्या सॉकेटवर, यूपीएसला न जोडता. त्याची केबल यूपीएसवरच्या स्विचमध्ये. सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला त्याला पिंग करतो, म्हणजे जागा आहेस का असं विचारतो. सलग दहा वेळा उत्तर नाही आलं तर शटडाऊन. दहा ओळींची स्क्रिप्ट आहे, ठरावीक वेळी चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकलेली नाही, सतत चालणारी सिस्टमडीची सर्व्हिस केली आहे.

यूपीएस न बदलता काम झालं. खर्च शून्य.

वायरमनकाका

दापोलीकर, युक्ती झकास. एकच विचारतो. घरात सिंगल फेज आहे की थ्री फेज?

दापोलीकर

थ्री फेज आहे काका. पंपामुळे घेतलेलं.

वायरमनकाका

मग बघा. तुमचं ते पहारेकरी राउटर ज्या सॉकेटला आहे ते आणि यूपीएसचं सॉकेट एकाच फेजवर आहेत का? आपल्याकडे सगळी लाईट जाते त्यापेक्षा एक फेज उडण्याचं प्रमाण कमी नाही. डीपीवरचा एक फ्यूज गेला की तुमच्या हॉलमध्ये पंखा फिरतोय आणि यूपीएस मात्र बॅटरीवर. राउटर हॉलच्या फेजवर असेल तर तो सुखाने पिंगला उत्तर देत बसेल आणि बॅटरी संपून सर्व्हर धाडकन बंद होईल. उलटंही होईल: राउटरचा फेज गेला, यूपीएसचा आहे, आणि सर्व्हर विनाकारण बंद. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, म्हणजे यूपीएस ज्या सॉकेटला आहे त्याच्या शेजारच्या.

आणि त्या सॉकेटला इन्व्हर्टरची लाईन तर आलेली नाही ना, तेही बघा. आली असेल तर लाईट गेल्याचं राउटरला कळणारच नाही.

दापोलीकर

काका, साष्टांग. आजच बघतो.

तासगावकर

काका, इन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर विचारतो. ऑफिसात १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीवर इन्व्हर्टर आहे, सध्या पंखे आणि ट्यूब त्याच्यावर. यूपीएसचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकला तर तीन-चार तास सर्व्हर चालेल ना? मग शटडाऊनची कटकटच नको.

वायरमनकाका

चालेल, पण आधी इन्व्हर्टर कसला ते बघा. स्क्वेअर वेव्हचा असेल तर बऱ्याच यूपीएसना ती लाईन पसंत पडत नाही. तो आपला बॅटरीवरच राहतो किंवा टकटक करत इकडून तिकडे उड्या मारतो. साइन वेव्हचा असेल तर बहुतेक चालतं. यूपीएस मध्ये ठेवाच, कारण इन्व्हर्टरला लाईनवरून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि इन्व्हर्टर मोड असं बटण असतं, ते यूपीएस मोडवर असू द्या.

आणि लोकांना एक हात जोडून सांगणं. छोट्या यूपीएसचं झाकण उघडून त्याला गाडीची मोठी बॅटरी जोडू नका. असं करणारे रोज एक भेटतात. त्याचा ट्रान्सफॉर्मर दहा-वीस मिनिटांच्या हिशोबाने गुंडाळलेला असतो, दोन तास चालवला की तापून वास मारतो. आतला चार्जर एवढुसा, मोठी बॅटरी भरता भरता त्याचा जीव जातो. त्यातून उघडी ॲसिडची बॅटरी बंद खोलीत, टेबलाखाली. ती भरताना हायड्रोजन सोडते.

खटपट्या

काकांना अनुमोदन. पण तासगावकर, इन्व्हर्टर लावला तरी 'कटकटच नको' होत नाही. तीन तासांनी इन्व्हर्टर दमला की यूपीएसवर यायचंच आहे. फरक एवढाच, यूपीएसच्या लेखी लाईट तेव्हा जाते. टायमर तिथून सुरू होईल. तेव्हा नट हवंच.

आता ज्याबद्दल लोक विचारतच नाहीत ते. बंद करणं सोपं आहे, परत सुरू होणं अवघड.

समजा लाईट गेली, पाच मिनिटं झाली, सर्व्हर बंद व्हायला लागला. तो पूर्ण बंद झाला आणि अर्ध्या मिनिटात लाईट आली. यूपीएसने सर्व्हरची वीज एक क्षणही तोडलेली नाही. सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, मग तो उठेल कशासाठी? सोमवारी सकाळी तुम्ही येता, सगळीकडे लाईट, सर्व्हर ढिम्म. आणि हे रविवारी घडलं असेल तर रात्रीचा बॅकअपही बुडालेला.

म्हणून शटडाऊनच्या अगदी शेवटी सर्व्हरने यूपीएसला सांगून जायचं असतं: मी झोपतो, थोड्या वेळाने तुझं आउटपुट तोड, आणि लाईट असेल किंवा येईल तेव्हा पुन्हा चालू कर. नट हे करतं. यूपीएसमॉन बंद करण्याआधी किलपॉवर नावाची खुणेची फाईल बनवतो आणि मशीन पार शेवटच्या टप्प्यात आली की ती खूण पाहून ड्रायव्हर यूपीएसला तो निरोप देतो. ऑफडिले म्हणजे निरोपानंतर किती सेकंदांनी तोडायचं, ऑनडिले म्हणजे किती वेळाने जोडायचं. तुमच्या ड्रायव्हरला मुळात ३० आणि १८० सेकंद असतात, ते राहू द्या. एनएएस वगैरे त्याच यूपीएसवर असेल आणि ती सावकाश बंद होत असेल तर ऑफडिले वाढवा, नाहीतर ती बंद होता होता तिच्या पायाखालची सतरंजी ओढली जाईल.

दुसरी बाजू सर्व्हरच्या बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये. एसी पॉवर रिकव्हरी असं काहीतरी असतं: ऑन, ऑफ, लास्ट. लोक लास्ट ठेवतात, म्हणजे आधी होती ती स्थिती. पण आधीची स्थिती कोणती? आपणच शिस्तीत बंद केलेला, म्हणजे बंद. तो बंदच राहणार. ऑन ठेवा.

आता अर्ध्या बॅटरीबद्दल. आपल्याकडे लाईट येते ती एकदा येत नाही. येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. रिकाम्या बॅटरीवर सर्व्हर उठायला लागला आणि मध्येच पुन्हा गेली तर वीज डिस्क तपासणीच्या अधेमधे तुटते, ते साध्या बंद होण्यापेक्षा वाईट. अर्धी बॅटरी असेल तर असे एक-दोन झटके पचतात. काही यूपीएसमध्ये अमुक इतकी चार्ज झाल्याशिवाय आउटपुट चालू करू नकोस असं सांगता येतं. तुमच्यात ते दिसत नाही, तेव्हा बायॉसमध्ये सुरू होण्याआधीचा विलंब ठेवायची सोय असेल तर तो जमेल तेवढा वाढवा.

दापोलीकर

माझ्या मुक्या यूपीएसला आउटपुट तोड म्हणून सांगायची सोयच नाही. मग?

खटपट्या

तुमच्यासाठी वेक-ऑन-लॅन, म्हणजे झोपलेल्या मशीनला नेटवर्कवरून उठवणं. एखादा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) यूपीएसवर ठेवा, तो पाच-सात वॉटच खातो. सर्व्हर झोपल्यावरही तो जागा राहील. तुमच्या पहारेकरी राउटरला तोही पिंग करत राहील, आणि राउटर सलग पंधरा मिनिटं जिवंत दिसला की सर्व्हरला उठवायचं पॅकेट पाठवेल. बॅटरी पार संपून पायसुद्धा गेला तरी लाईट आल्यावर तो स्वतः उठतो, बटण दाबावं लागत नाही. फक्त पायच्या एसडी कार्डावरची फाईलसिस्टम वाचण्यापुरती करून ठेवा, नाहीतर दोन-चार वेळा वीज तुटली की तेच बिघडेल.

रबाळे_नाइटशिफ्ट

डेटा सेंटरमध्ये काम करतो म्हणून दोन शब्द. आमच्याकडे यूपीएस हा डिझेल जनरेटर उठेपर्यंतचा पूल असतो, त्यामुळे सर्व्हर बंद करण्याची वेळ येऊ न देण्यावर सगळा भर. तुमचं गणित वेगळं आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: स्विच यूपीएसवर आहे का बघा. स्विच गेला तर ज्या मशीन नेटवर्कवरून निरोप ऐकतात त्या बहिऱ्या होतात. नटमध्ये त्याचाही विचार आहे. यूपीएस बॅटरीवर असल्याचं शेवटचं ठाऊक असताना संपर्क तुटला तर यूपीएसमॉन वाईटात वाईट धरून बंद करतो. म्हणजे डेटा वाचतो, पण पाच मिनिटं थांबायचं ठरलेलं असतं ते राहून जातं.

लेझर प्रिंटर यूपीएसवर नाही ना? त्याचा हीटर चालू झाला की ओव्हरलोडची किंकाळी ठरलेली.

तासगावकर

प्रिंटर नाही, पण कोणीतरी मोबाईल चार्जर आणि अगरबत्तीचं इलेक्ट्रिक मशीन लावून ठेवलेलं सापडलं. 🙏

नट बसवलं, टायमर पाच मिनिटांचा, बायॉस ऑन. आता चाचणी कशी घ्यायची? प्लगच उपटू का?

वायरमनकाका

प्लग उपटू नका. उपटलात की अर्थिंगही सुटतं आणि यूपीएस, सर्व्हर, स्विच सगळे अर्थिंगविना बॅटरीवर चालू राहतात. भिंतीवरचं बटण बंद करा किंवा एमसीबी पाडा, अर्थची तार जोडलेली राहील. हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार असेल तर आधी अर्थिंग बघून घ्या, बाकी सगळं नंतर.

खटपट्या

दोन टप्प्यांत करा. आधी सर्व्हरऐवजी यूपीएसला एक १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा, सर्व्हर थेट भिंतीवर, यूएसबी केबल जोडलेलीच. बटण बंद करा. टायमर संपला की सर्व्हर बंद होतो का आणि थोड्या वेळाने बल्ब विझतो का, एवढंच बघायचं. बल्ब विझला नाही तर यूपीएस तो निरोप मानत नाही, मग तुम्हालाही वेक-ऑन-लॅनच. विझला तर बटण चालू करा, तीन मिनिटांनी बल्ब पेटला पाहिजे. मग सर्व्हर यूपीएसवर लावून खरी चाचणी, ऑफिस सुटल्यावर, बॅकअप घेऊन.

शेवटची आणि महत्त्वाची: सर्व्हर बंद व्हायला लागल्यावर मध्येच लाईट चालू करून बघा. घात तिथेच होतो.

तासगावकर

बल्ब विझला, पेटला. सर्व्हर लावून केलं, व्हीएम बंद व्हायला एकूण सव्वादोन मिनिटं लागली. मध्येच लाईट चालू केली तेव्हाही यूपीएसने आउटपुट तोडून पुन्हा जोडलं आणि सर्व्हर उठला. फक्त टॅलीचा लायसन्स सर्व्हर सर्व्हिस म्हणून आपोआप सुरू होत नव्हता, ते विंडोजमध्ये बदललं.

आता बॅटरी. तीन वर्षं झालीत. कधी बदलायची?

वायरमनकाका

वर पत्रा आहे का खोलीला? उन्हाळ्यात सर्व्हरच्या खोलीत ४० अंश होत असतील तर तिसरं वर्ष म्हणजे म्हातारपण. उष्णता दहा अंशांनी वाढली की एसएमएफ (सीलबंद, पाणी न लागणाऱ्या) बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दोन्ही एकदम बदला, एक जुनी एक नवी ठेवली की जुनी नवीला घेऊन बुडते. उत्पादनाची तारीख बघून घ्या, दुकानात वर्षभर पडलेली नको. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे वजा करून देतो. भंगारवाल्याला देऊ नका, ते ॲसिड गटारात ओततात.

टॅलीवाली

रीमोट डेस्कटॉपवर टॅलीचे फाँट फार बारीक दिसतात, त्याचं कोणी काही सांगेल का? की नवा धागा काढू?

खटपट्या

नवा काढा. इथे बॅटरीवालेच येतील.